डोळ्यांत गेलेला कोळसा

माझ्या लहानपणी कल्याणच्या आमच्या घरी नाशिक-मनमाडकडून कोणी पाहुणा आला, की त्याची वळकटी खाली ठेवून घेण्यापूर्वीच आजी त्याच्या डोळ्यांकडे पाहत असे. इगतपुरीच्या अलीकडे विजेचे इंजिन होते. पलीकडे मात्र वाफेचेच चालत असल्यामुळे, खिडकीशी बसण्याचा मोह ज्याला आवरला नाही त्याच्या कपाळावर काजळी आणि एखाद्या डोळ्यात कोळशाचा कण हे ठरलेलेच असे. पाहुणा ओटीवर येता येता डोळा चोळू लागला, की आजी आतूनच ओरडे, "चोळू नका हो, हात खाली घ्या आधी!" मग त्याला पायरीवर उजेडाकडे तोंड करून बसवावयाचे, तांब्यातले पाणी ओंजळीत घेऊन त्यात डोळ्याची उघडझाप करावयास लावावयाचे, आणि तेवढ्याने भागले नाही तर शेकडो धुण्यांनी मऊ झालेल्या आपल्या लुगड्याच्या पदराचे टोक पिळून त्याची वात करावयाची, ती ओली करून, डाव्या अंगठ्याने खालची पापणी किंचित ओढून, "वर बघा, आता डावीकडे" असे म्हणत कण अलगद टिपून घ्यावयाचा, असा तिचा शिरस्ता होता. खाली कण दिसला नाही, तर वरच्या पापणीचे केस चिमटीत धरून ती पापणी खालच्या पापणीवर ओढून आणावयाची आणि सोडून द्यावयाची. खालचे केस वरच्या पापणीच्या आतून केरसुणीसारखे फिरत आणि पुष्कळदा कण त्यांच्याबरोबर बाहेर पडे. फिकट पदरावरचा तो काळा ठिपका ती त्या माणसाला आवर्जून दाखवी. कण निघाल्यावरही डोळा खुपतच राहतो, आणि तो निघाला हे पाहिल्यावाचून माणसाचा हात पुन्हा डोळ्याकडे गेल्याशिवाय राहत नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक झाले होते. शेवटी पदराचा बोळा करून त्यात तोंडाची वाफ भरावयाची आणि ती ऊब मिटलेल्या डोळ्यावर तीन-चार वेळा धरावयाची, की उपचार संपला.

हे सर्व तिला कोणत्याही ग्रंथातून आलेले नव्हते. पुष्कळ वर्षांनी सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातला एकोणिसावा अध्याय, ज्याला 'नयनाभिघातप्रतिषेध' म्हणजे डोळ्याला झालेल्या इजेवरचा इलाज असे नाव आहे, तो माझ्या वाचनात आला, तेव्हा मी थबकलो. डोळ्याला 'ईषत्' म्हणजे किंचित इजा झाली असता तोंडाच्या वाफेने शेकल्यास वेदना तत्काळ शमते, असे सुश्रुताने तेथे स्वच्छ सांगितले आहे. माझ्या आजीचा पदर आणि तो प्राचीन शल्यविशारद यांच्यामध्ये किती शतके आणि किती अनाम बायकांचे हात आहेत याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. परंतु त्या विधानातला 'ईषत्' हा शब्द मला वाफेहूनही महत्त्वाचा वाटला. त्याच अध्यायात सुश्रुत पुढे सांगतो, की डोळ्याच्या एका पटलाला जखम असेल तर ती साध्य, दोन पटलांना असेल तर कष्टसाध्य, आणि तीन पटले भेदली गेली असतील तर वैद्याने ती असाध्य समजावी. म्हणजे पदराचे काम कोठे संपते आणि वैद्याचे कोठे सुरू होते, ही सीमा त्याने आखून ठेवली होती. ठाणे-कल्याणच्या भूमीत डोळ्यांत काय काय गेले आणि ते काढावयास कोणाचे हात पुढे झाले, ही हकीकत मला येथे सांगावयाची आहे. आणि ती सांगताना हा 'ईषत्' शब्द मी सतत जवळ ठेवणार आहे, कारण या मुलखात जे डोळे गेले त्यांतले कितीतरी आधी किंचितच दुखावलेले होते.

कल्याण हे व्यापाराचे बंदर म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. पण बंदराला जशी जहाजे लागतात तसे कारागीरही लागतात. कान्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत दान देणारे कल्याणचे जे रहिवासी नोंदले आहेत, त्यांत केवळ सावकार-व्यापारी नाहीत. पाण्याचे टाके खोदवून देणारा सामिदत्त नावाचा सोनार आहे आणि नंद नावाचा एक लोहारही आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा हा लोहार ऐरणीवर घण मारताना डोळे किती बारीक करीत असेल, आणि ठिणगी उडून पापणीखाली गेली तर त्याच्या भात्यावर बसलेल्या पोराने ती कशी काढली असेल, हे शिलालेख सांगत नाही. ज्या खडकात त्याचे नाव कोरले गेले, त्या खडकाच्या कपच्या कोरणाऱ्या पाथरवटाच्या डोळ्यांतही उडालेल्याच असणार.

परंतु या मुलखातला डोळ्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत कपटी शत्रू लोखंड नव्हे, दगडही नव्हे. तो भात आहे. आज जेथे डोंबिवली-कल्याणच्या इमारतींची दाटी दिसते, तेथे दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत भाताची खाचरे होती. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी, मग झोडणी, मळणी आणि वाऱ्यावर उफणणी अशी कामे खळ्यावर चालत. त्या उडत्या तुसात उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यात कुसळ जाणे ही इतकी नित्याची गोष्ट होती, की तिची तक्रार करणे हेच नाजूकपणाचे लक्षण समजत. कुसळ जाते, टोचते, पाणी येते, कण निघून जातो किंवा गेल्यासारखा वाटतो, आणि माणूस पुन्हा सूप उचलतो. बुबुळावरचा जो पारदर्शक पडदा, ज्याला शास्त्रीय परिभाषेत पारपटल म्हणतात, त्याच्या वरच्या थराला पडलेला नुसता ओरखडा एरवी दोन-तीन दिवसांत आपला आपण भरून येतो; शरीरात इतक्या त्वरेने भरून येणाऱ्या जागा थोड्याच आहेत. पण कुसळ एकटे येत नाही, ते आपल्याबरोबर शेतातली बुरशी घेऊन येते, आणि ओरखड्याच्या फटीतून एकदा ती आत रुजली की आठ-पंधरा दिवसांनी बुबुळावर राखाडी पांढरा डाग उगवतो. याला आपल्याकडे 'फूल पडले' म्हणतात. ज्या वस्तूने माणसाचे जग अंधारले तिला फुलाचे नाव देणारी ही भाषा क्रूर म्हणावी की करुणामय, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. वैद्यकग्रंथांत व्रणासह असलेले ते सव्रण शुक्र आणि व्रण भरून मागे उरलेला डाग तो अव्रण शुक्र, असा भेद केलेला आहे. लोकभाषेने दोहोंना फूलच म्हटले, आणि देवीच्या साथीत बुबुळ गढुळले तरी तेही फूलच ठरले.

फूल पडू नये म्हणून, किंवा पडलेले जावे म्हणून, डोळ्यांत जे घातले गेले त्याची जंत्री मोठी आहे. बाळंतिणीचे दूध, घरचे लोणकढे तूप, एरंडेलाचा थेंब, मध, गुलाबपाणी, काजळ, तुरटीचे पाणी, कोणकोणत्या पाल्यांचे रस. आणि जिभेने डोळ्यातला कण काढून देणारी माणसेही काही खेड्यांत असत. पूर्वजांचे सगळेच ज्ञान थोर मानणारा एक वर्ग आहे आणि सगळेच अज्ञान मानणारा दुसरा. या प्रश्नात दोघांनीही डोळ्यांना न्याय दिलेला नाही असे माझे स्पष्ट मत आहे. स्वच्छ पाणी, मऊ ओला कपडा आणि तोंडाची वाफ यांनी किंचित इजेला उतार पडत असे आणि अपाय सहसा होत नसे. पाल्याचा रस, मध आणि दुसऱ्याच्या तोंडातली लाळ यांनी मात्र, जी जखम आपोआप भरणार होती तिच्यात जंतूंची पेरणी केली. हे करणारी माणसे प्रेमानेच करीत होती, म्हणून तर त्यांना थांबवणारे कोणी नव्हते.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदराहून चौदा डब्यांत चारशे निमंत्रितांना घेऊन पहिली आगगाडी ठाण्याला आली, आणि १ मे १८५४ रोजी तिचा मार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत खुला झाला, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. त्या गाडीने ठाणे-कल्याणकरांच्या डोळ्यांत एक नवा पदार्थ आणला, ही गोष्ट मात्र कोणी लिहून ठेवलेली नाही. वाफेच्या इंजिनात वापरून झालेली वाफ धुराड्यातून जोराने सोडतात, त्यायोगे भट्टीतला जाळ फुलतो. पण त्याच झोताबरोबर अर्धवट जळालेल्या कोळशाचे बारीक खडे वर फेकले जातात आणि गाडीच्या वेगामुळे मागच्या डब्यांवर त्यांचा सडा पडतो. चढावर इंजिन धापा टाकू लागले की हा सडा अधिकच दाट होई. हा कण धारदार कडांचा असतो आणि त्याची एक खोड अशी, की तो वरच्या पापणीच्या आतल्या बाजूस, कडेपासून थोड्या अंतरावर जी बारीक खाच असते, तिच्यात जाऊन बसतो. मग प्रत्येक उघडझापीला तो बुबुळावरून वरखाली घासला जातो. माणसाला वाटते कण बुबुळावर आहे, आणि तो चोळतो ती पापणी, म्हणजे आपल्याच हाताने तो कण आपल्याच डोळ्यावर पाजळतो. एवढे मात्र खरे, की भट्टीतून तावूनसुलाखून आलेल्या त्या कोळशाबरोबर शेतातली बुरशी बहुधा येत नसे. म्हणून कोळशाचे ओरखडे संख्येने अगणित असूनही त्यांनी कुसळाइतकी फुले पाडली नसावीत असे मला वाटते.

१९१६ साली पारसिकच्या डोंगरातून सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा खुला झाला आणि ठाणे सोडून कल्याणकडे येणाऱ्या जलद गाड्या त्यातून जाऊ लागल्या. वाफेच्या दिवसांत त्या बोगद्यातून गेलेल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले चित्र माझ्या मनात स्पष्ट आहे: कळवा मागे पडले की डब्यात एकच गलका होई, 'बोगदा आला, खिडक्या लावा'; लाकडी झडपा धडाधड खाली येत, आया मुलांची तोंडे पदराखाली घेत, आणि अंधारात धुराचा वास कोंडून राही. बोगद्यातून बाहेर पडल्यावर पहिला उजेड दिसला की जो तो आपल्या शेजाऱ्याकडे डोळा उघडून देई: 'बघा हो जरा, काही दिसतं का.' अनोळखी माणसाने अनोळखी माणसाच्या पापणीला हात लावावा, इतकी सलगी त्या एका मैलाने घडवून आणली होती.

प्रवाशाला खिडकी लावता येत होती. फायरमनला ती सोय नव्हती. कल्याण हे मोठे जंक्शन. तेथे इंजिनांची शेड होती, घाट चढावयास निघणाऱ्या गाड्यांची तयारी तेथे होई, आणि कोळसा फोडणारे, राख उपसणारे, फावड्याने भट्टीत कोळसा टाकणारे शेकडो इसम त्या गावात राहत. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना प्रथमोपचाराचे जे शिक्षण दिले जाई ते सेंट जॉन अँब्युलन्सच्या पुस्तकाबरहुकूम. या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांत डोळ्यात कण गेल्यास करावयाची जी कृती दिली आहे, ती वाचताना मला आमची ओटी आठवते. डोळा चोळू देऊ नये. खालची पापणी ओढून ओल्या रुमालाच्या पिळलेल्या टोकाने कण टिपावा. कण वर असल्यास वरची पापणी पुढे ओढून खालची तिच्याखाली सारावी आणि सोडावी. आणि कण बुबुळात रुतला असेल तर? तर त्याला हात लावू नये; ऑलिव्ह तेल किंवा एरंडेल यांचा थेंब सोडून, डोळा मिटवून, कापसाची गादी ठेवून पट्टी बांधावी आणि डॉक्टरकडे न्यावे. साहेबाच्या पुस्तकातले एरंडेल आणि कल्याणच्या माजघरातले एरंडेल यांची गाठ या मजकुरात पडलेली पाहून मला मनापासून आनंद झाला. परंतु पुस्तकाने एक गोष्ट अधिक सांगितली होती, आणि सुश्रुतानंतर ती सामान्य माणसाला इतक्या निक्षून सांगितली गेल्याचे मला तरी आढळलेले नाही: रुतलेल्या कणाला हात लावू नये.

१९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली, आणि १९३० पर्यंत कल्याणच्या पुढे पुणे आणि इगतपुरी या दोन्ही दिशांना तारा पोहोचल्या. लोकलच्या प्रवाशाच्या डोळ्यातला कोळसा त्याबरोबर सरला.

पण पुस्तकाने डॉक्टरवर सोपवलेला तो रुतलेला कण त्याने काढावयाचा तरी कसा, हा प्रश्न १८८४ पर्यंत फार कठीण होता. पारपटलात वेदनेच्या मज्जातंतूंची दाटी शरीरातल्या कोणत्याही जागेला हार न जाणारी; तेथे सुईचे टोक नेणे म्हणजे दोघा-तिघांनी रोग्याचे डोके आवळून धरणे. त्या वर्षी व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनच्या द्रावणाचा थेंब डोळ्यात टाकला असता डोळा बधिर होतो हे दाखवून दिले, आणि माणूस जागा व शांत असताना त्याच्या बुबुळाला हात लावणे प्रथमच शक्य झाले. त्याच्या दोनच वर्षे आधी, फ्लुओरेसीन नावाचे पिवळे रंगद्रव्य डोळ्यात टाकले असता जेथे ओरखडा असेल तेवढीच जागा हिरवी उजळते, हे ज्ञात झाले होते. मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होते, आणि त्याच आवारात सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून डोळ्यांचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले होते. ठाणे-कल्याणच्या रोग्याला तेथे जावयाचे म्हणजे भायखळ्याचे तिकीट काढावे लागे. ज्या गाडीने कण दिला तीच गाडी कण काढावयास नेत असे.

पण नेणार कोणाला? पुरुषाला नेत. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर होऊन निघाल्या, त्यामागे परक्या पुरुषाला नाडी दाखवण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणाऱ्या आपल्याकडच्या बायकांची अवस्था होती. पोटाच्या दुखण्याबद्दल हे सर्वांना कळते; पण खळ्यावर कुसळ गेलेल्या बाईचा डोळा उघडून पाहावयाचा तर तिच्या चेहऱ्याच्या वीतभर अंतरावर आपला चेहरा न्यावा लागतो, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे, त्या पिढ्यांतल्या इतक्या वृद्ध स्त्रियांच्या एका डोळ्यात फूल का असे, याचा थोडा उलगडा होतो. आनंदीबाई परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत वारल्या; त्यांच्या हातून या मुलखातली एक पापणीही उलटली गेली नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

कोळशानंतर लोखंड आले. अंबरनाथला विसाव्या शतकाच्या विशीतच काडेपेट्यांचा कारखाना निघाला होता. पुढे शहाड-मोहन्याला रेयॉन आले, भिवंडीत हातमागांच्या जागी यंत्रमाग खडखडू लागले. त्या मागांवरचा धोटा मार्ग सोडून उडाला तर शेजारच्या माणसाचा डोळाच फोडत असे, म्हणून धोट्याला अडसर बसवण्याची तजवीज करावी लागली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाण्याची वागळे इस्टेट उभी राहिली, आणि लवकरच डोंबिवलीलाही औद्योगिक वसाहत आली. लेथ, ग्राइंडर आणि वेल्डिंग यांच्या त्या दुनियेत डोळ्यात कण जाणे हे खळ्यावरच्या कुसळाइतकेच नित्याचे ठरले. ग्राइंडरच्या चाकावरून उडालेला लोखंडाचा कण तापलेला असतो, तो बुबुळात रुततो, आणि काही तासांतच त्याच्याभोवती गंजाचे तांबूस कडे धरू लागते. कण निघाला तरी ते कडे मागे राहते. प्रत्येक खात्यात डोळ्यातला कण काढण्यात तरबेज समजला जाणारा एखादा जुना कामगार असे. काडेपेटीच्या काडीचे टोक, नोटेचा कोपरा, लोहचुंबकाचा तुकडा ही त्याची हत्यारे. आणि मुकादमाला न कळता काम पाच मिनिटांत होई, म्हणून त्याच्याकडे रांग. या माणसाच्या सद्भावाविषयी मला तिळमात्र शंका नाही. आजीच्या पदराचाच तो वारस होता. पण पुस्तकाने जे निक्षून सांगितले होते, की दिसणारा पण न हलणारा कण आपला नव्हे, ते त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि काडीने उकरून त्याने किंचित जखमेची खोल जखम केली, असे कितीदा घडले असेल, याची मोजदाद कोणत्याच रजिस्टरात नाही.

वेल्डिंगचा प्रकार निराळा. काच न लावता जोड मारला तर तेव्हा काहीच होत नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू ओतल्यासारखी आग सुरू होते. कामगार याला 'आर्क लागला' म्हणतात आणि बटाट्याच्या गार चकत्या डोळ्यांवर ठेवतात. मिटलेल्या पापणीवर गारवा बरा वाटतो. दुखणेही एक-दोन दिवसांत आपोआप ओसरते, आणि श्रेय बटाट्याला मिळते. त्यात बिघडत काही नाही. बिघडते ते दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांनी. डॉक्टर तपासताना जे बधिर करणारे औषध टाकतो त्याने वेदना क्षणात थांबते, म्हणून तेच मिळवून दिवसभर टाकणारे लोक आहेत, आणि त्याच औषधाने पारपटलाचे भरून येणे थांबते. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली झटकन उतरते, पण कुसळाबरोबर बुरशी आत गेली असेल तर तिला मोकळे रान मिळते.

सरकारने या डोळ्यांकडे अगदीच पाहिले नाही असे नव्हे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५व्या कलमात, काम करताना कण उडण्याचा किंवा प्रखर प्रकाशाचा धोका असेल तेथे पडदे किंवा योग्य चष्मे पुरवण्याची तरतूद होती, आणि ४५व्या कलमात दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी. त्यापूर्वीच्या १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात पुढे असे नमूद होते, की दुसरा डोळा शाबूत असता एक डोळा गेला तर कमाईची शक्ती शेकडा ४० ने घटली असे धरावे, आणि डोळा जागेवर राहून नुसती दृष्टी गेली तर शेकडा ३० ने. कायद्याला आकडा लागतो हे मला समजते. तरी लेथवर सुताचा फरक डोळ्यांनी मोजणाऱ्या फिटरचा एक डोळा आणि शेकडा तीस या दोन गोष्टी मी एका ओळीत वाचतो, तेव्हा मला पुढे वाचवत नाही. चष्मे आले, पण ते पुष्कळ ठिकाणी खिळ्यावर टांगलेले राहिले, कारण घामाने त्यांवर वाफ धरते आणि नगावर मजुरी मिळणाऱ्याला काच पुसावयास वेळ नसतो. याचा दोष एकट्या कामगाराच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

ज्या इजेत 'ईषत्' नावाची पायरीच नसते, अशी एक इजा म्हणजे चुन्याची. घरे रंगवताना, भिंती उभारताना, पानतंबाखूची चुन्याची पुडी दाबून उघडणाऱ्या पोराच्या हातून, चुना डोळ्यात उडतो आणि ओरखडा न काढता थेट भाजत आत जातो. जगातले पहिले यशस्वी पारपटलरोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स येथे एडुआर्ड झिर्म यांनी ज्या मजुरावर केले, त्याचे दोन्ही डोळे चुन्यानेच गेले होते. आपल्याकडे मृताचे नेत्र रोपणासाठी घेण्यास कायद्याचा आधार १९५७ च्या मुंबई पारपटलरोपण अधिनियमाने मिळाला. पण चुन्याच्या बाबतीत डॉक्टरची वाट पाहणे हीच चूक आहे; पापण्या धरून ठेवून, जो नळ जवळ असेल त्याच्या पाण्याने निदान पाव तास, शक्य तर अर्धा तास डोळा धुवावा आणि मगच रिक्षा बोलवावी. कुसळ उकरण्याची घाई करणारा आणि चुन्याच्या वेळी रिक्षा शोधणारा, अशी दोन्ही माणसे मी पाहिलेली आहेत.

पट्टीबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण माझ्या पिढीच्या मनात दुखावलेला डोळा म्हणजे पट्टी बांधलेला डोळा हे चित्र पक्के आहे. बोरिकच्या पाण्याने डोळा धुणे, मलम, वर कापसाची गादी आणि चिकटपट्टी, हा क्रम ठाण्याच्या सिव्हिलपासून गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत सर्वत्र असे. पुढे पडताळून पाहिले तेव्हा, साध्या ओरखड्याला पट्टीने भरून येण्यास वेग येत नाही आणि वेदनाही विशेष कमी होत नाही असे आढळले. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २००६ आणि २०१६ च्या कोक्रेन समीक्षांचा निष्कर्ष हाच आहे. याउलट ज्या गोष्टीला कोणी महत्त्व देत नव्हते ती, म्हणजे वेळ, निर्णायक ठरली. नेपाळमधल्या भक्तपूर परिसरात खेड्यातल्या साध्या आरोग्यसेवकांनी ओरखडा पडलेल्या डोळ्यांत क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम तीन दिवस घातले. २००१ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. इजेनंतर अठरा तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकाच्याही बुबुळावर व्रण झाला नाही; जे उशिरा आले त्यांच्यात मात्र व्रण होऊ लागले, आणि जितका उशीर अधिक तितके व्रणांचे प्रमाण अधिक. आमच्या खळ्यांवर, सूप खाली ठेवण्यापूर्वीच कित्येक डोळ्यांचे हे अठरा तास निघून गेले.

खाचरे गेली, कोळसा गेला, तरी उडणाऱ्या वस्तू संपलेल्या नाहीत. धुळवडीच्या दिवसांत धावत्या लोकलवर पाण्याने भरलेल्या पिशव्या येऊन आदळतात. २६ मे २०१६ आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाले, तेव्हा दूरदूरच्या घरांच्या खिडक्या फुटून काचा माणसांच्या तोंडावर आल्या. काच डोळ्यात शिरली असेल तर ती ओढू नये, डोळा दाबू नये, वर वाटीसारखे काही आडोशाला धरून तसेच रुग्णालयात न्यावे, एवढे त्या सर्व घरांतून माहीत असते तर बरे झाले असते.

गेल्या उन्हाळ्यात मुंब्र्याच्या पुढे लोकलच्या दाराशी उभा असता माझ्याच डोळ्यात काहीतरी गेले. मी चोळले नाही. घरी येऊन धुतले, पापणीवर पापणी ओढून पाहिली, पण माझ्या बोटांना आजीची सफाई नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पिवळ्या रंगाची पट्टी पापणीला टेकवली, दिवा निळा केला, आणि यंत्रातून पाहत म्हणाल्या, "बुबुळावर वरच्या बाजूला उभे ओरखडे आहेत, चार-पाच, अगदी शेजारी शेजारी." मी विचारले, उभेच का? त्यांनी उत्तर न देता मला खाली बघावयास सांगितले, वरच्या पापणीचे केस चिमटीत धरले, कापसाच्या काडीचा आधार देऊन पापणी उलटली आणि त्याच काडीने आतल्या खाचेतून काहीतरी टिपले. उघडझापीबरोबर वरखाली घासणारा कण उभ्याच रेघा ओढतो, हे माझ्या ध्यानात यावयास तेवढा वेळ लागला. मग त्यांनी ती काडी माझ्या दुसऱ्या डोळ्यासमोर धरली. पांढऱ्या कापसावर तांबूस काळा, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असा एक ठिपका होता. "हा बघा," त्या म्हणाल्या, "म्हणजे आता हात लावणार नाही तुम्ही."